जुन्या गाडीचं आतलं सामान: शोधायचं कुठे, करून घ्यायचं कुठे

आज आपण इंजिनाबद्दल बोलणार नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणाची निराशा नको. जुन्या गाडीचं इंजिन सुरू करणं हे लोकांना फार मोठं काम वाटतं. आमच्या अनुभवाने ते त्यातल्या त्यात सोपं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सगळ्याला माप असतं. माप कळलं की माल मिळतो, नाही मिळाला तर लेथवाला करून देतो. खरी दमछाक होते ती दार उघडल्यावर जे दिसतं त्याच्यापायी. सीट, दाराची पॅडं, छताचं लायनिंग, पायाखालचं मॅट, काच वर-खाली करायचं हँडल, डॅशबोर्डवरचा एखादा नॉब. गाडी आठ महिन्यांत रस्त्यावर येते आणि तो एक नॉब शोधण्यात पुढची दोन वर्षं जातात.

असं का होतं? ब्रेक शू झिजतो, क्लच प्लेट झिजते. म्हणून ते बनवणारे कारखाने उभे राहतात, दुकानदार माल भरून ठेवतात, आणि गाडीचं उत्पादन बंद झालं तरी तो माल वर्षानुवर्षं फळीवर पडून असतो. दाराचं पॅड मात्र कुणी 'सर्व्हिसिंग'ला बदलत नाही. फाटलं तर आपल्याकडे त्याच्यावर दुसरं रेक्झिन चढवायची पद्धत. त्यामुळे आतला सुटा माल बाजारात मुळातच थोडा आला. त्यात रंगांचा घोळ. पिस्टनला रंग नसतो, सीटला असतो. तुम्हाला पाहिजे ते पॅड मिळालं आणि ते निळं निघालं, तुमची गाडी आतून तपकिरी, तर त्याचा उपयोग मापापुरताच.

आता आपल्या जिल्ह्यात कुठल्या गाड्या सापडतात ते बघू, कारण शोधायचं कुठे हे त्यावर ठरतं. रत्नागिरीत आणि आसपासच्या गावांत पडवीत किंवा मांगरात झाकून ठेवलेली जुनी गाडी म्हणजे बहुतेक वेळा फियाट, नाहीतर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथे १९५४ पासून फियाट ११०० यायला लागली. तिचं सुरुवातीचं गोलमटोल रूप म्हणजे आपली 'डुक्कर फियाट', पुढची दारं उलट्या बाजूने उघडणारी. १९६४ नंतर चौकोनी चेहऱ्याची ११०० डी, म्हणजे 'डिलाइट' आली. तीच पुढे १९७० च्या दशकात नाव बदलून आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली, आणि थेट नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. त्यानंतर नंबर लागतो अँबॅसेडरचा. ती बंगालमधल्या उत्तरपाड्याची, मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ती २०१४ मध्ये बंद झाली. एखादी स्टँडर्ड हेरल्ड दिसते. ती मद्रासला बनायची, मूळची ट्रायम्फ हेरल्ड. आणि महिंद्राच्या जीप पुष्कळ. पण जीपला आत असतं काय, दोन गाद्या आणि पत्रा. तिचं आज बाजूला ठेवू.

यात एक गंमत आहे, ती लक्षात आली नाही तर माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो. गाडी जितकी जुनी तितकं सामान दुर्मिळ, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं असतं. डुक्कर फियाटची जुळी बहीण इटलीत होती, हेरल्डची आणि सुरुवातीच्या अँबॅसेडरची इंग्लंडमध्ये. तिकडे या गाड्या सांभाळणारे क्लब आहेत, त्यांच्यासाठी रबरं, बीडिंग, हँडलं नव्याने बनवणारे आहेत. जहाजाचं भाडं आणि कस्टम ड्युटी सोसायची तयारी असेल तर हेरल्डच्या दाराचं रबर तुम्हाला घरपोच येतं. पण १९८५ ची पद्मिनी? तिचं आतलं सामान जगात फक्त इथेच बनलं. इटलीने ११०० बनवणं १९६९ मध्येच थांबवलं होतं, आणि त्यानंतर आपल्याकडे आतल्या भागांत जे बदल होत गेले ते इथलेच. तिच्यासाठी परदेशात शोधण्यात अर्थ नाही. कालपरवापर्यंत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या गाडीचा नॉब साठ वर्षांच्या गाडीच्या नॉबपेक्षा अवघड, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसं आहे.

आणि हे दिवसेंदिवस अवघड होणार आहे. पद्मिनीच्या सामानाचा सर्वांत मोठा साठा कुठे होता? मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत. टॅक्सी भंगारात गेली की तिची हँडलं, काचेचे वाइंडर, मीटर, सीटचे सांगाडे बाजारात यायचे. त्यावर निम्म्या महाराष्ट्रातल्या पद्मिन्या चालायच्या. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आली, २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, आणि तो झरा आटला. आता जे आहे ते आधी काढून ठेवलेलं. शिवाय २०२१ च्या स्क्रॅप धोरणानंतर नोंदणीकृत केंद्रांत गाड्या रीतसर मोडीत निघायला लागल्या. धोरण म्हणून ते ठीकच आहे. पण भंगारवाला गाडी उभी ठेवून एकेक भाग विकतो, आणि मशीन ती दाबून तिचा ठोकळा करतं, हा फरक आमच्यासारख्यांना जाणवतो. कोलकात्यातही व्यावसायिक गाड्यांना १५ वर्षांची मर्यादा आहे आणि अँबॅसेडर बंद होऊन दहा वर्षं उलटून गेली. तेव्हा त्या गाडीचंही हेच होणार. कुणाच्या घरी गाडी असेल आणि 'बघू पुढच्या वर्षी' असं चाललं असेल, तर सामान तरी या वर्षी गोळा करा. गाडीचं काम नंतर केलं तरी चालेल.

शोध सुरू कुठून करायचा? बाजारातून नाही. गाडीतूनच. सीट काढली की खाली, दाराच्या पोकळीत, डिकीच्या कोपऱ्यात तुटलेले तुकडे पडलेले असतात. दाराच्या तळाशी हात घातला की क्लिपा मिळतात, स्क्रू मिळतात, कधी तुटलेल्या हँडलचा अर्धा भाग मिळतो. मग घरातला माळा बघा. कोकणातल्या माणसाला टाकवत नाही, हा आपला दोष मानतात, पण इथे तो कामाला येतो. आम्हाला एका घरात माळ्यावर आंब्याच्या पेटीत अख्खा आरसा, दोन सन व्हायझर आणि ग्लोव्ह बॉक्सचं झाकण मिळालं होतं. मालकाला ते आठवतही नव्हतं.

मग बाजार. मुंबईत नव्या-जुन्या स्पेअर पार्टची दुकानं ऑपेरा हाउसच्या भागात, मोडीत निघालेल्या गाड्यांचा माल कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूला, आणि किरकोळ चमत्कारिक वस्तू चोर बाजारात मटण स्ट्रीटला. पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं आहेत, आणि बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार. इथून मुंबई सुमारे साडेतीनशे किलोमीटर, म्हणजे एक खेप म्हणजे दोन दिवस. रिकाम्या हाताने जाऊ नका. फोटो पुरत नाही. दुकानदार फोटो बघून 'आहे' म्हणतो, आणि आणलं की बसत नाही. जुना भाग, तुटका का असेना, बरोबर न्या. तो नेता येत नसेल तर पुठ्ठ्यावर त्याची बाह्यरेषा काढा, भोकं अचूक मारा, आणि फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. गाडीचं वर्ष सांगा, पण वर्षावर फार विसंबू नका. कारखान्यात जुना साठा संपेपर्यंत जुनाच माल लागायचा. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांत हँडलं वेगळी सापडतात. आणि आटे बघून घ्या. फियाट मेट्रिक, अँबॅसेडर इंचाची. 'जवळजवळ बसतोय' म्हणून स्क्रू पिळला की डॅशबोर्डच्या पत्र्यातलं मूळ भोक गेलंच म्हणून समजा.

बाजारात तीन तऱ्हेचा माल मिळतो. कंपनीचा न वापरलेला जुना माल, दुसऱ्या गाडीतून काढलेला, आणि हल्ली बनवलेला लोकल. पहिल्यावर लोकांचा फार जीव असतो, पण रबर आणि रेक्झिनच्या बाबतीत तो जपून घ्यावा. तीस वर्षं पिशवीत पडलेलं रबर दिसायला नवं असतं, आणि वाकवलं की भेगा पडतात. धातूचा भाग असेल तर मात्र डोळे मिटून घ्या.

आणि बाजारात काहीच मिळालं नाही तर? इथे आम्हाला आजची मुख्य गोष्ट सांगायची आहे. गाडीच्या आतला माल हा 'पार्ट' म्हणून शोधायचाच नाही. तो कशाचा बनलाय ते बघायचं, आणि ते काम करणारे हात शोधायचे. ते हात बऱ्याचदा गाडीच्या धंद्यात नसतात.

सीट घ्या. जुन्या सीटमध्ये खाली लोखंडी सांगाडा आणि स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, त्यावर काथ्याचा किंवा रबर मारलेल्या काथ्याचा थर, त्यावर कापसाची गादी, आणि सगळ्यात वर रेक्झिन, कडेला पायपिंग. हे सगळं सांगाड्याला तारेच्या रिंगांनी आवळलेलं. आजचा कुशनवाला पहिल्यांदा काय सुचवतो? "काढून टाका, फोम घालतो." फोमने सीट बसायला वाईट होत नाही. पण उंची बदलते, बसल्यावर माणूस जसा खाली जातो ते बदलतं, आणि आकार डब्यासारखा चौकोनी होतो. जुन्या सीटला मधे हलका फुगवटा असतो, तो स्प्रिंग आणि काथ्याच्या जोडीने येतो. आता सांगा, रत्नागिरीत बसून काथ्या मिळत नाही असं म्हणायचं कुणी? नारळ आपला, सोडण आपलं. गाद्यांसाठी रबर मारलेल्या काथ्याच्या जाड शीट मिळतात, त्या थरात कापून बसवता येतात. स्प्रिंग तुटली असेल तर तेवढीच बदलायची. कोच-सोफ्याचं जुनं काम येणारे कारागीर अजून आहेत, वयाने साठीच्या पुढचे. त्यांना गाडीची सीट दाखवली की ते म्हणतात, हा तर सोफाच. खरंच सोफाच आहे तो.

रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा लेप. त्यातलं पीव्हीसी आपल्या रनपारच्या फिनोलेक्सच्या कारखान्यात बनतं, हे जाता जाता. पीव्हीसी मुळात कडक, पाइपासारखं. ते मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात. वर्षानुवर्षं उन्हात ते द्रव्य उडून जातं आणि रेक्झिन पापडासारखं होतं. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीच्या काचेवर आतून धुरकट थर बसतो ना, तो बराचसा तोच. मग लोक त्यावर खोबरेल चोळतात. चोळू नका. गेलेलं द्रव्य खोबरेलाने परत येत नाही, शिवणीत तेल खवट होतं आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. साध्या साबणाच्या पाण्याने पुसायचं आणि सावलीत, वाऱ्यावर सुकवायचं, बस.

दाराच्या पॅडचं कोडं वेगळं. ते म्हणजे हार्डबोर्डचा पातळ पत्रा, त्यावर पातळ गादी, वर रेक्झिन. त्यावर ज्या रेषा दिसतात त्या बऱ्याच गाड्यांत शिवलेल्या नसतात, उष्णतेने दाबून चिकटवलेल्या असतात. कुशनवाला त्या जागी शिवण मारतो आणि पॅड लांबूनही वेगळं दिसतं. हे दाबकाम करणारं मशीन शोधत आम्ही गाड्यांच्या बाजारात पुष्कळ हिंडलो. ते सापडलं कुठे? रेनकोट, फायली आणि डायऱ्यांची कव्हरं बनवणाऱ्याकडे. प्लॅस्टिकचे दोन थर विजेच्या जोरावर जिथल्या तिथे वितळवून जोडायचं तेच तंत्र. त्याला पितळी पट्टीचा साचा करून दिला की तो गाडीच्या पॅडवर तशाच रेषा उठवून देतो. चार दारांचं काम अर्ध्या दिवसाचं.

हार्डबोर्डला मात्र आपली हवा सोसत नाही. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि दाराच्या काचेच्या फटीतून पाणी आत जाणारच. ते खालच्या भोकांतून निघून जावं आणि पॅडला लागू नये म्हणून दाराच्या पत्र्याला आतून प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. पहिल्याच दुरुस्तीत मेकॅनिक तो फाडतो आणि परत कुणी लावत नाही. मग बोर्ड फुगतो, क्लिपांची भोकं फाटतात, आणि उरलेलं वाळवी बघते. आम्ही नवं पॅड करताना बोर्ड बसवण्याआधी मागून आणि कडांना वॉर्निश मारतो आणि आत तो प्लॅस्टिकचा कागद लावल्याशिवाय पॅड चढवत नाही. पायाखालच्या मॅटखाली नमदा असतो, त्याचीही हीच कथा. तो ओला राहतो आणि तळाचा पत्रा खालून नाही, वरून गंजतो. खारं वारं आहे आपल्याकडे. पावसाळ्यात मॅट उचलून ठेवा.

आता हँडलं आणि नॉब. काचेचं हँडल, दाराचं आतलं हँडल बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचं, साच्यात ओतलेलं आणि वर क्रोम. त्यावर फोड आले की लोक ते परत क्रोमला देतात आणि ते आणखी वाईट होऊन येतं. कारण फोड क्रोममध्ये नसतो, खालच्या धातूत असतो. तो कोरून काढायचा, तांब्याचा थर देऊन भरायचा, घासायचं, पुन्हा तांबं, मग निकेल, मग क्रोम. इतका वेळ देणारा प्लेटर मिळाला तरच द्या. आणि तो धातू साधारण ३८५ अंशाला वितळतो, तेव्हा वेल्डिंगवाल्याच्या हातात देऊ नका, बघता बघता पाणी होतो. दुसरा मार्ग म्हणजे पितळेत ओतून घेणं. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, उद्यमनगरात ओतकाम, लेथकाम सगळं आहे. जुन्या हँडलचाच साचा करून ओतलं तर एक लक्षात ठेवा, पितळ थंड होताना दीडेक टक्का आकसतं. दहा सेंटिमीटरचं हँडल दीड मिलिमीटरने कमी येतं. दिसायला ते चालतं, पण मधलं भोक दांड्यावर बसत नाही. म्हणून भोक ओतायचं नाही, भरीव ओतून नंतर मापाने काढायचं. हँडल काढताना पण दमाने. काही गाड्यांत आडवी पिन असते, काहींत मागे नालाच्या आकाराची स्प्रिंग क्लिप. स्क्रू दिसत नाही म्हणून पकडीने ओढलेली किती हँडलं आम्ही तुटलेली पाहिलीत.

प्लॅस्टिकचे नॉब, स्टिअरिंगला पडलेल्या भेगा, डॅशबोर्डच्या तुटलेल्या पट्ट्या यांचा उपाय आम्हाला मिरकरवाड्याला मिळाला. तिथे फायबरच्या होड्यांची दुरुस्ती करणारे कारागीर आहेत. रेझिन, साचा, पॉलिश हा त्यांचा रोजचा उद्योग. चांगल्या अवस्थेतला एक नॉब मिळाला की त्याचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यात हवे तेवढे ओतायचे. स्टिअरिंगच्या भेगा इपॉक्सीने भरून घासून रंगवता येतात. समुद्रात टिकणारं काम करणाऱ्याला गाडीतलं काम म्हणजे हलकंच. हल्ली मुलं थ्रीडी प्रिंट करून आणतात. चांगलं आहे, फक्त कशात प्रिंट केलं ते विचारा. पीएलए नावाचं जे स्वस्त प्लॅस्टिक आहे ते साठेक अंशाला मऊ पडतं. मे महिन्यात मांडवीला उन्हात गाडी लावा आणि डॅशबोर्डवर तो नॉब बघा, मान टाकलेली असते. एबीएसमध्ये करून घ्या.

हे सगळं जमतं, पण एका अटीवर. जुना तुकडा हातात पाहिजे. हे किती महत्त्वाचं आहे ते एका गाडीवरून सांगतो.

पावसच्या बाजूच्या एका कुटुंबाची पद्मिनी आमच्याकडे आली. वडिलांनी घेतलेली, वडील आता नाहीत. मुलांनी आईला आनंद व्हावा म्हणून दुसरीकडे आतलं सगळं काम नवं करून घेतलं होतं. काम स्वच्छ होतं, खोटं बोलणार नाही. फोमच्या सीट, चौकटी-चौकटींचं लालभडक रेक्झिन, दारांना तेच. आई गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "ही आपली गाडी नव्हे." मुलांनी जुनं सामान परत मागितलं तर ते त्याच दिवशी भंगारात गेलेलं. एका दुपारचं काम ते. काढायला दुपार, आणि आमच्याकडे परत जुळवायला सव्वा वर्ष गेलं.

आम्ही सुरुवात केली ती उरलेल्या खुणांपासून. दाराच्या पत्र्यातल्या क्लिपांच्या भोकांवरून पॅडचा आकार कळला. मागच्या सीटच्या सांगाड्याच्या खालच्या कडेला, एका तारेच्या रिंगेत मूळ रेक्झिनचा दोन बोटं रुंदीचा तुकडा अडकून राहिला होता. तो उलटा दुमडलेला होता, म्हणून त्याला ऊन लागलं नव्हतं, आणि खरा रंग कळला. सगळ्यांना आठवत होता तो तपकिरी, तुकडा निघाला हिरवट करडा. आई म्हणाल्या, "नवी आणली तेव्हा अशीच होती, मग विटली." मुलीच्या लग्नातल्या एका फोटोत गाडीचं दार उघडं होतं, त्यात मागच्या सीटच्या शिवणी मोजता आल्या. पाठीला किती उभे पट्टे, ते त्या फोटोवरून. काथ्या, स्प्रिंगा, रेक्झिन, हे जमलं. दाराच्या पॅडवरची नक्षी मात्र फोटोत नव्हती. ती शेवटी आम्ही दुसऱ्या एका पद्मिनीवरून उचलली, साधारण त्याच काळातली. ती बरोबर आहे का? बहुधा आहे. खात्रीने सांगणारा तुकडा भंगारात गेला, आणि आता तो कुणालाच आणता येणार नाही. त्या पॅडांच्या मागे आम्ही पेनाने लिहून ठेवलंय, की हे अमुक साली नव्याने केलं, नक्षी दुसऱ्या गाडीवरून घेतली.

हे लिहून ठेवणं आमच्या डोक्यातून निघालेलं नाही. जुन्या गाड्यांच्या 'फिवा' या जागतिक महासंघाने २०१२ मध्ये 'ट्युरिन चार्टर' म्हणून तत्त्वं मांडली. त्यात आधी जतन आणि लागेल तेवढीच दुरुस्ती असा क्रम आहे, आणि नव्याने घातलेला भाग नवा आहे हे ओळखता यावं, असंही आहे. देवळांच्या आणि किल्ल्यांच्या जीर्णोद्धाराबद्दल आपण जे म्हणतो तेच. आमचं स्वतःचं मत जरा आणखी कडक आहे. सीट फाटलेली नसेल, फक्त विटलेली असेल, तर बदलूच नका. विटलेलं खरं रेक्झिन चकचकीत खोट्यापेक्षा बरं.

कायदा यात किती मदत करतो? केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या विक्रीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नोंदणीची फी २०,००० रुपये, ती १० वर्षं चालते, पुनर्नोंदणी ५,००० रुपये, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती गाडी चालवता येत नाही. गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, असं नियम म्हणतो, पण मोठे फेरबदल म्हणजे काय ते सांगताना तो चासी, बॉडी आणि इंजिन यांची नावं घेतो. सीटचं, छताचं नाव त्यात नाही. १९७४ ची पद्मिनी आता या वयात आली. तिच्या मालकाने आत काय करायचं, हे आरटीओ सांगणार नाही.

आता दोन प्रश्न आलेत ते घेतो, मग चहा आहे.

एका ताईंनी विचारलंय, छताचं लायनिंग लोंबतंय, तेवढंच चिकटवून घेता येईल का? गाडीवर आहे. नव्या गाड्यांत कापड बोर्डला चिकटवलेलं असतं. तुमच्या अँबॅसेडरसारख्या गाडीत ते आडव्या तारांवर ओवलेलं आणि कडांनी ताणलेलं असतं. ते लोंबतं म्हणजे कडेची पकड सुटली, किंवा तार गंजून वाकली. गोंद लावून पत्र्याला चिकटवलं तर डाग पडतात आणि पुढच्या वेळी अख्खं फाडावं लागतं. कडेचं बीडिंग काढून ते परत ताणा. काढावंच लागलं तर प्रत्येक तारेला पुढून मागे क्रमांक घाला. त्या सारख्या दिसतात, पण प्रत्येकीचा बाक वेगळा असतो. आणि नवं लायनिंग थंडीच्या सकाळी बसवू नका, भर दुपारी बसवा. उन्हाने कापड सैल असतं, ते ताणून बसवलं की संध्याकाळी आपोआप ढोलासारखं होतं.

दुसरा प्रश्न, काढलेलं जुनं सामान ठेवायचं कसं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, आपल्या हवेत आत घाम धरतो. जुन्या सुती चादरीत गुंडाळा, जमिनीवर न ठेवता माळ्यावर किंवा फळीवर ठेवा. पॅडं उभी करून ठेवू नका, वाकतात. आडवी, एकावर एक, मधे कागद घालून. स्क्रू आणि क्लिपा छोट्या डब्यांत, डब्यावर कुठल्या दाराच्या ते लिहून. चिठ्ठी चिकटवली तर झुरळं खातात, म्हणून डब्यावरच मार्करने लिहा. आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा की हे भंगार नाही. गणपतीच्या आधी साफसफाई निघते, तेव्हा विशेष करून.